साल्हेर-मुल्हेर, दोघं जण, दोन मुक्काम : भांडी आणि छप्पर मिळून दोन किलोत बसेल का?

रानवाट
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात वाघांबे गावातून साल्हेर-सालोटा आणि पुढे मुल्हेर-मोरा हे किल्ले असा बेत आहे. दोघं जण, दोन मुक्काम. जमवलेलं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढवलं, ते असं भरलं:

दोन माणसांचा, दोन थरांचा घुमटी तंबू – २६५० ग्रॅम
स्टीलची दोन पातेली, झाकणं, सांडशी, ताटल्या, पेले, चमचे – १५८० ग्रॅम
शेगडी – २५० ग्रॅम
गॅसच्या दोन लांब नळ्या (म्हणजे उंच, अरुंद डबे), भरलेल्या – ६६० ग्रॅम

एकूण ५ किलो १४०. यात पाणी, शिधा, अंथरूण-पांघरूण काही धरलेलं नाही. हे सगळं दोन किलोच्या आत आणायचं आहे. अटी दोनच: सकाळ-संध्याकाळ चहा आणि रात्री गरम खिचडी. टायटॅनियमच्या भांड्यावर पैसे घालावेत का? तंबू सोडून नुसत्या टार्पवर (दोऱ्यांनी ताणून बांधायच्या छताच्या कापडावर) डिसेंबरात भागेल का? आणि गॅस बरा की स्पिरिट?

कातळकडा
भांडं घेण्याआधी त्यात काय शिजणार ते बघा, टायटॅनियमचा निकाल तिथेच लागतो. घनता पाहिली तर ॲल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५ आणि स्टील ७.९ च्या आसपास. म्हणजे टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा जडच. त्याचा पत्रा ०.३ ते ०.४ मिमी इतका पातळ ठेवला तरी दबत नाही, म्हणून भांडं हलकं होतं. पण उष्णता पसरवण्यात ते ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याच्याच घरात आहे. छोट्या बर्नरची ज्योत दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या जागेवर लागते. तिथली खिचडी करपते आणि कडेचा तांदूळ कच्चा राहतो. नुसतं पाणी उकळायचं असेल तर हा दोष जाणवत नाही, कारण पाणी आपोआप वरखाली फिरत राहतं.

एकटा माणूस, चहा आणि गरम पाणी ओतून होणारं खाणं असं असेल तर ७५० मिलीचा टायटॅनियम मग झाकणासकट १०० ग्रॅमच्या आसपास बसतो, त्याला तोड नाही. दोघांच्या खिचडीला ॲल्युमिनियम घ्या.

आणि दुहेरी भिंतीचा कुठलाही मग, टायटॅनियमचा असो की स्टीलचा, ज्योतीवर ठेवू नका. आतली कोंडलेली हवा तापून फुगते आणि सांधा फाटतो.

भांडीबाजारजवळ
कातळकडांना अनुमोदन. त्यासाठी महागडं ट्रेकिंगचं भांडंही लागत नाही. आपल्या भांडी बाजारात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचंच, पातेलं वजनावर मिळतं. मात्र निवडताना हात लावून बघा. हिंडालियमचं जाड ओतीव भांडं घरी छान, पाठीवर जड. साध्या पत्र्याचं, १ मिमी जाडीचं, १५ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच असं घेतलंत तर त्यात दीड लिटर मावतं आणि वजन १६०-१६५ ग्रॅम भरतं. तेवढंच स्टीलचं पातेलं २५० ते ३०० ग्रॅम.

रुंदीला महत्त्व आहे. उंच आणि अरुंद भांड्यात ज्योत बाजूने निसटते. रुंदी उंचीच्या दीडपट असली की गॅस वाचतो आणि ढवळायलाही सोपं जातं. काठ बाहेर वळवलेला घ्या. सरळ कापलेल्या काठाचं पातळ भांडं पिशवीत दाबलं गेलं की लंबगोल होतं आणि मग झाकण बसत नाही.

झाकण बाजारातलं घेऊ नका, ५०-६० ग्रॅम उगाच वाढतात. जेवण पार्सल द्यायच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापून दुहेरी घडी घाला, १५ ग्रॅमच्या आत झाकण होतं.

ना_शि_क
ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेलं खाऊ नये असं म्हणतात ना?

कातळकडा
@ना_शि_क, आंबट पदार्थांत ॲल्युमिनियम उतरतं. टोमॅटो, चिंच, ताक, कोकम असलं काही त्यात शिजवू नये आणि शिजवलेलं रात्रभर ठेवू नये. मुगाची खिचडी, चहा, उपमा यांत अडचण नाही. आमसुलाचं सार करायचंच असेल तर हार्ड ॲनोडाइज्ड भांडं घ्या. त्याचा वरचा थर कठीण आणि निष्क्रिय असतो, वजन थोडं वाढतं. पण तारेच्या घासणीने आणि राखेने घासाल तर तो थरही जातो.

सातपूरचा_फिटर
सांडशी काट्यावर ठेवून बघा, पातेल्याच्या निम्म्याहून जास्त भरेल. तिच्याऐवजी पातेल्याला कडी लावा. काठाच्या खाली १० मिमीवर समोरासमोर २.५ मिमीची दोन भोकं पाडा. सायकलचा स्पोक २ मिमी जाड असतो, साधारण ७ ग्रॅम. तो कमानीसारखा वाकवून दोन्ही टोकं बाहेरून आत घाला आणि आत आकड्यासारखी वळवा. भोकांच्या कडा कानशीने साफ करा, नाहीतर पातळ पत्र्याला तिथून चीर जाते. कडी उभी राहिली तर तापते, म्हणून ती एका बाजूला ४५ अंशांत थांबेल असा छोटा बाक द्या. धरायला सुती रुमाल पुरे.

वाऱ्याचा आडोसाही घरीच होतो. पार्सलच्या डब्याचा जाड फॉइल दोनदा दुमडून १२ सेंमी उंच पट्टी करा, ३० ग्रॅम. पण इथे चूक जिवावर बेतते. बर्नर थेट गॅसच्या डब्यावर बसत असेल तर आडोसा चहूबाजूंनी बंद करायचा नाही. ज्योतीची उष्णता खाली परतते, डबा तापतो, आतला दाब वाढतो. वारा येतो त्या बाजूलाच आडोसा धरा, निम्मं वर्तुळ मोकळं ठेवा आणि डब्याला मधूनमधून हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर आडोसा लगेच काढायचा. पूर्ण गोल आडोसा चालतो तो स्पिरिटच्या शेगडीला, किंवा डबा नळीने लांब ठेवलेल्या शेगडीला.

गोदाकाठ
गॅस की स्पिरिट, याचा हिशेब करू.

अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून ९५ पर्यंत न्यायला साधारण १५७ किलोज्यूल लागतात. (साल्हेर १५६७ मीटर, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं.) उघड्यावर निम्मी उष्णता वाया जाते असं धरा. एका ग्रॅम ब्युटेनमधून सुमारे ४५ किलोज्यूल मिळतात, म्हणजे ७ ग्रॅम गॅस. स्पिरिटमधून ग्रॅममागे २७ च्या आसपास, म्हणजे १२-१३ ग्रॅम, मापाने १५-१६ मिली. वाऱ्यात दोन्ही आकडे सहज दीडपट होतात.

आता तुमचं गणित. दोघांच्या खिचडीला १५० ग्रॅम तांदूळ, ७५ ग्रॅम मूगडाळ आणि जवळजवळ लिटरभर पाणी, त्याला २० ते २५ ग्रॅम गॅस. दोन रात्रींचे ५०. अर्धा लिटर चहा चार वेळा, दूध पावडर घालून उकळी धरली तर प्रत्येकी १२, म्हणजे ४८. शंभर झाले. वाऱ्याची तूट धरून १३० लागतील. लहान डब्यात साधारण १०० ग्रॅम गॅस येतो, तो अपुरा. २३० ग्रॅमचा एक चुडीचा (बर्नर फिरवून बसवायच्या आट्यांचा) डबा पुरून उरतो, भरलेला ३८० च्या आसपास. तुमच्या दोन नळ्यांची गरजच नाही.

इतक्या थोड्या दिवसांना स्पिरिट वजनात हलकं पडतं, कारण शेगडी १५ ग्रॅमची आणि बाटली प्लास्टिकची. पण स्पिरिटवर आच कमी-जास्त करता येत नाही. चहा होतो, खिचडी बिघडते.

बागलाणी
राम राम भाऊ. आमच्या भागात येताय, तर स्पिरिट घरी ठेवूनच या. डिसेंबरात गवत वाळून कमरेएवढं उभं असतं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली समजून कोणी वरून पुन्हा स्पिरिट ओततं, किंवा शेगडी कलंडते आणि पेटतं स्पिरिट गवतात पसरतं. वणवा लागला की गुरांचा चारा जातो आणि गाव रात्रभर डोंगरावर. गॅस असला तरी शेगडी उघड्या कातळावर मांडा, आजूबाजूचं गवत हातभर लांबपर्यंत साफ करा आणि लिटरभर पाणी शेजारी ठेवा.

चूल तर पेटवूच नका. गुहेच्या वरच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. धूर वर गेला की माश्या उठतात आणि कड्यावर पळायला जागा नसते.

अनघा_पंचवटी
बागलाणी भाऊंच्या मोहोळाच्या मुद्द्याला भर: उग्र वासाचं अत्तर, डिओ, केसांचं तेल याही गोष्टी टाळा. आणि माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. तोंड-मान कापडात गुंडाळून माणसाने तिथून दूर निघायचं.

डोंगरभाऊ
मुद्दा भांड्यांचा होता. 🙂 माझं मत वेगळं आहे. भांडी नेताच कशाला? वाघांब्यात आधी फोन करून सांगितलं तर जेवण मिळतं, पैसेही गावातच राहतात. वर न्यायला दशम्या, दाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत दोन दिवस छान राहतात. सकाळी पातळ पोहे पाण्याचा हबका मारून दहा मिनिटं ठेवायचे, वर मेतकूट, तिखट, मीठ आणि छोट्या डबीतलं तेल. सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की पोटभर होतं. शेगडी, गॅस, पातेलं सगळं मिळून पाऊण किलो गेलं.

रानवाट
@डोंगरभाऊ, दुपारसाठी हे नक्की घेणार. पण चहा सोडायला सोबती तयार नाही!

डोंगरभाऊ
मग तुमचा सोबतीच शेगडी वाहणार, ठरलं. 😄

भांडीबाजारजवळ
विना-स्वयंपाकाचा पर्याय एप्रिल-मेमध्ये जास्त उपयोगी. तेव्हा टाकी आटलेली असतात, माणशी चार-पाच लिटर पाणी पायथ्यापासून वाहावं लागतं. भांड्यात शंभर ग्रॅम वाचवून खिचडीला आणि भांडी घासायला दोन लिटर जादा पाणी नेलं तर वाचवलं काय? डिसेंबरात साल्हेरला गंगासागर तलावाचं पाणी असतं, तिथे गरम जेवण परवडतं. पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. आणि भांडी तलावात बुडवून घासू नका. पाणी बाजूला आणून थोडं कोमट करून पुसून काढा, राड तलावापासून लांब मातीत टाका.

सुगरण_सिडको
खिचडीची पद्धत सांगते, म्हणजे गोदाकाठ यांचा २५ ग्रॅम गॅसही लागणार नाही. तांदूळ-डाळ घरीच हलकी भाजून, हळद-हिंग-जिरं-मीठ मिसळून पिशवी भरा. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ती पातेल्यात लिटरभर पाण्यात भिजवणं, निदान अर्धा तास. मग उकळी आणा, मंद आचेवर पाच मिनिटं ढवळा, बंद करा. पातेलं टोपीत घालून वीस-पंचवीस मिनिटं हलवायचं नाही. बाकी सगळं साठलेल्या उष्णतेवर शिजतं.

टोपी म्हणजे गाडीच्या काचेला लावतात त्या चंदेरी फुगीर शीटची. पातेल्याच्या मापाचं एक नळकांडं, एक तळ आणि एक झाकण कापून रुंद सेलोटेपने जोडा, ४० ग्रॅम. पातेलं आत घट्ट बसलं पाहिजे. मधे पोकळी राहिली तर उपयोग निम्मा होतो. शेगडीवर असताना मात्र टोपी काढलेलीच हवी, ती वितळते.

मूग, मसूर चालतात. तूरडाळ नको. पाणी ९५ अंशांवर उकळत असताना ती उघड्या भांड्यात गॅस संपवेल आणि तरी दाताखाली येईल.

सह्याद्री_ग्रुप
आठ-दहा जण असाल तर तुरीचं वरणही होतं, ५ लिटरचा ॲल्युमिनियम कुकर न्या. दोन किलो वजन आठ जणांत वाटलं तर माणशी पाव किलो. शिट्टी चढली की आत ११५-१२० अंशांच्या आसपास जातं. पण कुकर फक्त पसरट, जमिनीवर बसणाऱ्या शेगडीवर ठेवा. डब्याच्या डोक्यावर बसणाऱ्या बर्नरवर चार-पाच किलोचं भरलेलं भांडं म्हणजे उलटणारच. बर्नरचे पाय वाकतात ते वेगळंच. २५ ग्रॅमचे ते अतिहलके बर्नर दीड लिटरपर्यंतच वापरावेत.

गोदाकाठ
सह्याद्री_ग्रुप यांचं बरोबर आहे. म्हणूनच रानवाट यांना ८०-९० ग्रॅमचा, रुंद पायांचा बर्नर सुचवेन. दीड लिटरचं पातेलं त्यावर डगमगत नाही.

लांब नळ्यांबद्दलही थोडं. त्यांत बहुधा नुसता ब्युटेन असतो, तो -०.५ अंशाला उकळतो. हवा ५ अंशांवर आली की दाब पडतो आणि ज्योत मरगळते. निफाडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो ते सगळ्यांना माहीत आहे, गडमाथ्यावर वर वारा. चुडीच्या डब्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात (-११.७ आणि -४२), म्हणून पहाटेही तो चालतो. तरी डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपा. पेटवताना कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवला तरी चालतो. कोमटच, गरम नाही.

घरगुती सिलिंडरमधून रिकाम्या नळ्या भरून देणारे भेटतात. तसं भरलेलं घेऊ नका. त्या गॅसचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त असतो आणि नळीचा पत्रा त्यासाठी बनवलेला नसतो. रेल्वेतून गॅसचा डबा नेणंही गुन्हा आहे. आणि पायथ्याला उन्हात उभ्या गाडीत डबा सोडू नका.

ना_शि_क
उरलेला गॅस कसा मोजायचा?

गोदाकाठ
नवा डबा काट्यावर ठेवून आकडा मार्करने त्याच्यावरच लिहा. नंतरच्या वजनाची वजाबाकी केली की झालं.

कातळकडा
आता छप्पर. डिसेंबरात आपल्याकडे पावसाची भीती कमी. खरा त्रास वारा आणि दवाचा. त्याला टार्प पुरतो, पण माप आणि उभारणी नीट हवी.

दोघांना ३ बाय ३ मीटर. २० डेनियरचं (धाग्याच्या जाडीचं माप) सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन, चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम, नऊ मीटरचे ४०५, पट्ट्या आणि शिलाई धरून ४८०. दोन चालायच्या काठ्यांवर मधला कणा १.१ मीटर उंच धरला तर खाली दोन मीटरची रुंदी मिळते. वारा सुटला की काठ्या ८०-९० सेंमीवर आणा. रुंदी वाढते, बाजू जमिनीला टेकतात आणि फडफड थांबते.

जागा निवडताना तीन ठिकाणं टाळा: खिंड, तलावाचा काठ आणि खोलगट भाग. साल्हेर-सालोट्यामधल्या खिंडीत वारा नरसाळ्यासारखा ओढला जातो. तलावाकाठी आणि खोलगटात थंड हवा साचते, पहाटे टार्पच्या आतून पाणी टपकतं. माथ्याच्या जरा खाली, झुडपांच्या किंवा जुन्या भिंतीच्या आडोशाला, एक बाजू उघडी ठेवून टार्प बांधा. हवा खेळती राहिली तर दव कमी धरतं. हिवाळ्यातला वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून असतो, पण डोंगर त्याला वळवतो, म्हणून संध्याकाळी हातात दोरा सोडून दिशा बघा.

सिलनायलॉन ओलं झालं की ताणतं. झोपण्यापूर्वी घट्ट बांधलेला टार्प मध्यरात्री पोट सोडतो. दोऱ्यांना सरकती गाठ मारा म्हणजे आतूनच ताण देता येतो. सिलपॉलिएस्टर मिळालं तर हा त्रास बराच कमी.

अनघा_पंचवटी
माझा याला स्पष्ट विरोध आहे. टार्पला तळ नसतो. बागलाणात विंचू आणि फुरसं (विषारी साप) दोन्ही आहेत, आणि थंडीत त्यांनाही उबदार जागा हवी असते. पहिल्यांदा उघड्यावर झोपणाऱ्यांना नुसता टार्प सुचवणं मला धोक्याचं वाटतं. आत शिवलेला तळ आणि चेनची जाळी पाहिजेच, मग वजन वाढलं तरी चालेल.

कातळकडा
अनघाताई, मुद्दा मान्य. टार्पखाली टांगायची जाळीची आतली खोली मिळते, दोघांची ३५० ग्रॅमच्या आसपास. तळाच्या कडा वीतभर वर उचललेल्या असाव्यात. टार्प आणि जाळी मिळून ८३० ग्रॅम, म्हणजे तंबूच्या एक तृतीयांशापेक्षा कमीच.

बागलाणी
खाली अंथरायला ताडपत्री आणू नका. ती १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) असली तरी दोघांपुरती सहाशे ग्रॅम होते. आमच्याकडे टोमॅटो-मिरचीला टाकतात तो मल्चिंग पेपर घ्या. ३० मायक्रॉन, चार फूट रुंद. सात फुटांचा तुकडा फक्त ७० ग्रॅम. चंदेरी बाजू वर ठेवा म्हणजे रात्री विंचू पटकन दिसतो. २५ मायक्रॉनचा साठेक ग्रॅम होतो, पण काळ्या दगडाच्या कचीवर लगेच फाटतो. एकदा चीर गेली की लांबीत सुटत जाते, म्हणून कडेला सुरुवातीलाच चिकटपट्टी मारून घ्या. आणि परत न्या, शेतात नाहीतर गडावर टाकू नका.

दुसरं. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली कातळ आहे, खुंटी जात नाही. तिथे दगडाला दोरी बांधावी लागते. दगड हाताने उचलू नका. आधी काठीने उलटा करा, खाली बघा, मग हात लावा. आणि तटाचा, जोत्याचा, पायरीचा दगड हलवायचा नाही. साल्हेर २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलाय. मुक्कामाला परवानगी आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या. नाही मिळाली तर वाघांब्यात शेताच्या कडेला मालकाला विचारून टार्प लावा, कोणी नाही म्हणत नाही.

सातपूरचा_फिटर
दगडाला बांधायची पद्धत: नारळाएवढ्या दगडाला नुसता फास मारला तर तो ताणाने सरकत येतो. दोरीच्या टोकाच्या फासात बोटभर जाड, वीतभर लांब काडी आडवी घाला, काडी जमिनीवर टेकवा आणि तिच्या पुढे, म्हणजे टार्पच्या बाजूला, जड दगड दोरीवर ठेवा. काडी दगडाला अडते आणि ताण वाढला तरी सुटत नाही. दगडाची धार दोरीवर येऊ देऊ नका, दोन मिमीची दोरी रात्रभर घासून तुटते.

मुरमाड जमिनीत वाय-आकाराची ॲल्युमिनियमची खुंटी, १४ ग्रॅम. ठोकताना डोक्यावर तिरका घाव बसला तर ती वाकते. माती घट्ट असेल तर दुसऱ्या स्पोकची आकड्याची खुंटी करता येते, भुसभुशीत मातीत मात्र ती उपटून येते. सहा इंची खिळे नेऊ नका, एकेक २५-३० ग्रॅम.

सुईदोरा
टार्प घरी शिवायचा असेल तर ११ नंबरची नवी सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि मधल्या सांध्याला जीन्सच्या पायाला असते तशी दुहेरी दुमड शिलाई. टाचण्या कापडावर लावू नका, तेवढी भोकं राहतात, दुमडीत क्लिपा लावा. ओढ येणाऱ्या प्रत्येक ठिकाणी त्याच कापडाचा दुहेरी तुकडा लावून मग पट्टी शिवा, नाहीतर वाऱ्यात फाटतं ते तिथेच.

शिलाई बुजवायला हार्डवेअरमधलं पारदर्शक सिलिकॉन एक भाग, मिनरल टर्पेंटाइन तीन भाग. काचेच्या बाटलीत हलवून पातळ करा, ब्रशने दोन्ही बाजूंनी लावा, टार्प ताणलेला असतानाच. एक दिवस वाळू द्या आणि मग टाल्कम पावडर चोळा, म्हणजे घडीत चिकटत नाही. हे फक्त सिलिकॉनच्या कापडाला. बाजारातल्या बहुतेक तंबूंना आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असतो, त्यावर सिलिकॉन धरत नाही, पोपडे निघतात. तिथे पीयूचाच सीम सीलर हवा. आणि पीयूचा तंबू पावसाळ्यात ओलसर घडी करून माळ्यावर ठेवला की लेप चिकट होऊन वास मारतो. तो परत दुरुस्त होत नाही.

हिमालय_बघायचाय
हेच सामान मे महिन्यात उत्तराखंडला ३५०० मीटरवर चालेल का?

कातळकडा
@हिमालय_बघायचाय, पातेलं, टोपी आणि चुडीचा गॅस चालेल. पाणी तिथे ८८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून मूगडाळही जास्त वेळ भिजवावी लागेल. झाडांच्या रेषेच्या वर मात्र टार्प नको. वाऱ्याला आडोसा नाही आणि गारा-हिम कडेने आत येतं. दोन थरांचा, वाऱ्याकडे उतरत्या बाजूचा तंबूच घ्या. विमानात गॅसचा डबा कुठल्याच सामानात चालत नाही, तो तिथे जाऊन घ्या.

डोंगरभाऊ
आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात टार्प-तंबू दोन्ही घरी. धुकं जाळीतून आत येतं, दोन थर असले तरी सगळं ओलं. जून ते सप्टेंबर गुहा नाहीतर गाव.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. नवी मांडणी अशी:

जर्मनचं पातेलं, स्पोकची कडी, फॉइलचं झाकण – १८७
दोन प्लास्टिकचे मग – ७०
दोन चमचे – २०
बर्नर – ९०
२३० चा गॅसडबा, भरलेला – ३८०
आडोसा – ३०
टोपी – ४०
लायटर आणि काडेपेटी – २०
टार्प – ४८०
आतली जाळी – ३५०
१० खुंट्या आणि १२ मीटर दोरी – १८०
मल्चिंग पेपरचे दोन तुकडे – १४०

एकूण १९८७ ग्रॅम. खिचडी एक जण पातेल्यातून, दुसरा मगातून. चालायच्या काठ्या हातातच असतात म्हणून धरल्या नाहीत. काही राहिलं का?

अनघा_पंचवटी
जाळी घेतलीत, बरं वाटलं. टॉर्चच्या बॅटऱ्या डोक्याशी ठेवा आणि बूट जाळीच्या आत घ्या. सकाळी झटकूनच घाला.

सातपूरचा_फिटर
घरी अंगणात किंवा गच्चीवर एकदा पूर्ण उभा करून बघा. गच्चीवर खुंटी लागत नाही, म्हणजे काडी-दगडाचा सराव आपोआप होईल, दगडाच्या जागी विटा घ्या.

बागलाणी
दोरी १२ मीटर कमी पडेल. कातळावर दगड हवा तिथे सापडत नाही, लांबून ताण घ्यावा लागतो. १८ मीटर आणा. दोरीचे वीसेक ग्रॅम वाढतील, त्यांच्यासाठी दोन खुंट्या कमी करा.